वाळूजच्या गोदामातला ब्रेस

शिवू, माझा लेक, झोपला की त्याचा पाय बघायची मला सवयच लागली होती. जागा असला की तो दोन्ही पाय सारखेच झाडायचा, त्यातून काही कळायचं नाही. झोपला की उजवा पाय सैल पडायचा. मग मी पांघरूण वर करून तळवा कुणीकडे वळलाय ते बघायची. खाली, पलंगाच्या कडेकडे असला तर बरं. दुसऱ्या पायाकडे वळलेला दिसला की मी तो हातानं बाहेर वळवून धरायची.

तो जन्मला तेव्हा हा पाय आत दुमडलेला होता, टाच वर आणि तळवा आकाशाकडे. पहिल्या महिन्यापासून दर आठवड्याला प्लास्टर. जुनं काढायचं, पाय थोडा सरळ करायचा, नवं घालायचं. शेवटी टाचेमागची शीर सैल केली आणि पाय दिसायला अगदी दुसऱ्यासारखा झाला. मी रडले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "आत्ता रडू नका. खरं काम ब्रेसचं आहे. ब्रेस निघाला की हा पाय पुन्हा आत वळतो, पळत आपल्या घरी जातो."

ब्रेस म्हणजे दोन छोटे सँडल आणि त्यांना जोडणारी एक आडवी पट्टी. ते घालून मूल झोपतं, पाय बाहेर वळलेले राहतात. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला 'जू' म्हणायच्या. संध्याकाळ झाली की, "ज्ञानू, लेकराला जू चढीव गं," अशी मला हाक यायची. शिवूलाही ते इतकं सवयीचं झालं होतं की जू बघितलं की तो आपणहून पाय पुढे करायचा.

अडचण अशी की शिवूचा पाय आखूड आणि गुबगुबीत. साध्या बुटातून त्याची टाच सुळकन बाहेर यायची. मऊ सँडलचा एक प्रकार असतो, तोच त्याला धरायचा. पहिला जोड दवाखान्यात कुणा ट्रस्टकडून आलेला मिळाला. उन्हाळा लागता लागता तो लहान झाला, अंगठा पुढच्या कडेवरून खाली वाकायला लागला. पुढचं माप दवाखान्यात नव्हतं. मागवलंय, म्हणाले, येईल. बाहेरून नवा घ्यावा म्हणून दुकानात फोन केला. किंमत ऐकून अजिनाथांनी, माझ्या नवऱ्यानं, नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. वाळूजला एका कंपनीत ते कंत्राटावर आहेत आणि त्या वर्षी महिन्याचा निम्मा पगार टँकर आणि घराच्या हप्त्यातच जायचा.

आम्ही राहतो ते फुलंब्री रोडला, सावंगीच्या पुढे. शेतं होती तिथं रो-हाउस उभी राहिली. घरं वाढली, पाणी तेवढंच. बोअर आमच्या पहिल्याच उन्हाळ्यात आटलं. शहरातून येताना रस्त्याच्या कडेनं नव्या लाईनचे मोठाले पाइप पडलेले दिसत, पोरं त्यातून आरपार पळत. पाणी मात्र टँकरनं.

तर अशा आयांचा एक ग्रुप आहे, फोनवरचा. वाकडे पाय घेऊन जन्मलेल्या लेकरांच्या आया, कुठून कुठून आलेल्या. तिथं मी शिवूच्या पायाचं माप टाकलं. इंदूरच्या शेफालीनं लगेच फोटो पाठवला. तसाच ब्रेस, तसेच मऊ सँडल, नेमकं तेच माप. तिच्या मुलीला लहान झाला होता. पैसे नकोत म्हणाली, फक्त पत्ता द्या दीदी. मी तो फोटो इतक्या वेळा मोठा करून पाहिला की सँडलवरच्या दातांच्या खुणासुद्धा ओळखीच्या झाल्या.

घरी सांगितलं तर आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या की कापड घ्यावं कुणाचंही, जुनंच लेकराला चांगलं असतं, पण पायातलं तसं घेऊ नये. त्यात देणाऱ्याची पीडा असते. काहीतरी हातावर ठेवावं, मग ते आपलं होतं. माझे सासरे भिकन वैजापूरकडून मेंढरं घेऊन निघायचे. आठ महिने बाहेर, सगळा जीव पायांवर. वाटेत कुणी वहाण दिली तर ते मूठभर लोकर दिल्याशिवाय पायात घालत नसत. एकदाच, मेलेल्या चुलत्याच्या वहाणा तशाच घातल्या आणि त्या साली अख्ख्या कळपाला खुरी झाली, खुरं सडली. हे सांगताना आत्याबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता. मेंढरं आता नव्हती, सासरेही नव्हते. मागच्या दुष्काळात चाऱ्याअभावी विकली आणि त्या आमच्याकडे आल्या.

अजिनाथ हसले. त्यांनी विचारलं, "मग आता शेफालीला लोकर पाठवायची का?"

"हस तू," आत्याबाई म्हणाल्या. "रुपया दे पर फुकट घिऊ नको. तिच्या लेकीच्या पायाचं माझ्या नातवाच्या पायाला नको."

मी बी.कॉम. झालेय. कॉलेजात असते तर मीही हसले असते. पण लेकराचा पाय रोज रात्री उघडून बघणाऱ्या बाईला असल्या गोष्टी हसण्यावारी नेता येत नाहीत. एक रुपयाच तर द्यायचा, जातंय काय, असं मला वाटलं. मी शेफालीला तसं लिहिलं. तिलाही गंमत वाटली. म्हणाली, आमच्याकडेही आजी अशीच होती. शेफाली लेकीची खेळणी, झबली एका जुन्या वस्तूंच्या ॲपवर विकायची, इंदुरातल्या इंदुरात. तिनं सुचवलं की ब्रेसही तिथंच टाकते, तुम्ही विकत घ्या, सासूबाईंचं समाधान होईल आणि ॲपवाले घरून पार्सल उचलतील, मला पोस्टात जायला नको. एक रुपया ॲप घेईना. त्यांची कमीत कमी किंमत होती तीच टाकली, दोन डझन केळ्यांची असेल तेवढी.

पैसे भरताना मी बिल नीट वाचलं. वस्तू, पोहोचवण्याचा खर्च आणि खाली 'कर: ०'. घरातली वापरलेली वस्तू, विकणारी काही दुकानदार नाही, मग कर कसला. शिकलेलं कुठंतरी उपयोगी पडतंय असं वाटून मला जरा बरंही वाटलं.

पार्सल निघालं. फोनवर एक हिरवी रेघ पुढे सरकायची. इंदूर, मग धुळे, मग आपलं शहर, त्यात अजून औरंगाबादच लिहिलेलं. मग वाळूजचं गोदाम. मी शिवूचा जुना ब्रेस काढून ठेवला. त्याच्या अंगठ्याला फोड आला होता, तो सुकू दे म्हटलं, उद्या नवा येईल. तोवर दोन्ही पाय ओढणीनं बाहेरच्या बाजूला बांधून ठेवले. ओढणी पहाटेपर्यंत सुटलेली असायची.

दुसऱ्या दिवशी हिरव्या रेघेची लाल झाली. खाली लिहिलं होतं, 'विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक नाही. दुसऱ्या राज्यात विक्रीसाठी क्रमांक आवश्यक. पार्सल थांबवले आहे.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कर शून्य, पण क्रमांक हवा. मग मी त्यांच्या चॅटवर लिहायला बसले. विकणारी बाई व्यापारी नाही, ही वापरलेली वस्तू आहे, लहान मुलाच्या उपचाराची आहे, हा व्यवसाय होत नाही. व्यवस्थित मुद्देसूद लिहिलं, परीक्षेत लिहावं तसं. पलीकडून उत्तर आलं की आपली अडचण आम्हाला समजते. नंतर विक्रेत्याला क्रमांक जोडायला सांगा. नंतर विचारलं, आपलं समाधान झालं का? आणि पाच चांदण्या. त्याच वेळी गल्लीत टँकर आला. आत्याबाई हंडे घेऊन धावल्या. मी एका हातात फोन आणि कडेवर शिवू घेऊन दारात उभी. शेवटी त्यांच्या ऑफिसातल्या एका मुलीचा फोन लागला, पुण्याची असावी बोलण्यावरून. ती सगळं ऐकून म्हणाली, "मॅडम, मी फक्त नोंद करू शकते." टँकर निघून गेला तेव्हा आमचा अर्धा ड्रम रिकामाच होता.

शेफालीनं प्रयत्न केला, तसं म्हणायला हवं. तिनं तो नंबर काढायची चौकशी केली. घराचं लाइट बिल हवं होतं ते तिच्या सासऱ्यांच्या नावावर, त्यांचं संमतीपत्र हवं, धंद्याचं नाव हवं, पुढे दर महिन्याला काही ना काही भरत राहायचं. तिचे मिस्टर म्हणाले, मुलीच्या जुन्या चपला द्यायला आपण दुकान काढायचं का? त्यांचं काही चुकलं नव्हतं. ती फोनवर रडली आणि मीच तिची समजूत काढत बसले.

मग मी चॅटवर विचारलं की ऑर्डर रद्द केली तर? तर पार्सल परत इंदूरला जाईल, विकणारीच्या दारात. तिथून ती पुन्हा पाठवेल. मध्ये किती दिवस जातील ते कुणी सांगेना. आणि चॅटवाले रोज लिहीत होते की आपली तक्रार वरच्या विभागाकडे गेली आहे, लवकरच. ते 'लवकरच' वाचून मी रद्दच्या बटणावरचा अंगठा काढून घ्यायची. उद्या सोडतील, असं वाटायचं. आजच्या आजच सोडतील आणि आपण रद्द करून बसलेलो असू. रोज असंच.

पार्सल वाळूजला होतं. अजिनाथांची कंपनी त्याच रस्त्यावर. संध्याकाळी घरी आले की ते चप्पल काढता काढता सांगायचे की आज पण बसमधून ते गोदाम दिसलं, शटर उघडं होतं. जसं काही आमचं कुणी तिथं ॲडमिट होतं.

शेवटी अजिनाथांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. आत्याबाई ऐकेनातच. शिवूला घेऊन रिक्षानं शहर ओलांडून वाळूज. गोदाम म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, आत उकाडा. दाराशी टेबल, टेबलावर स्कॅनर. तिथला माणूस पुंडलिक, चाळिशीचा, डोक्याला ओला रुमाल बांधलेला. मी फोनवरची लाल रेघ दाखवली तसा तो म्हणाला की ताई, असले दहा-बारा पडलेत आत. आत्याबाईंनी त्याच्या बोलण्यावरून ओळखलं आणि गाव विचारलं. वैजापूरच्या अलीकडचंच निघालं. त्याच्या मामाच्या वावरात आमची मेंढरं खतासाठी बसलेली होती एके साली. मग त्यानं आत्याबाईंना खुर्ची दिली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मला इतका धीर आला की मी शिवूची पिशवी उघडून ब्रेससाठी जागासुद्धा केली.

पुंडलिक आत जाऊन खोका घेऊन आला. बुटाच्या खोक्याएवढाच. वर शेफालीचं अक्षर, माझं नाव. त्यानं स्कॅनर लावला. बारीक आवाज झाला आणि लाल दिवा लागला. पुन्हा लावला, पुन्हा लाल. खोका टेबलावर होता, माझ्या हातापासून वीतभर.

"सिस्टिम घेत नाय," तो म्हणाला.

अजिनाथ म्हणाले, आम्ही कर भरतो, जो काय असेल तो, दुप्पट भरतो, पावती फाडा. पुंडलिकनं सांगितलं की साहेब, कर निघतच नाही ह्याच्यावर, निघाला असता तर भरून मोकळे झाला असता. विकणाऱ्याचा नंबर पाहिजे. नंबर नाही तर हिरवा दिवा नाही, आणि लाल दिव्यावर माल दिला तर कॅमेऱ्यात दिसतं. त्यानं मान वर करून कॅमेरा दाखवला. आम्ही सगळ्यांनी वर बघितलं.

आत्याबाईंनी शिवूचा मोजा काढला. त्याला टेबलावर बसवलं आणि उजवा पाय पुंडलिकपुढे धरला. मी रोज बघायची तोच पाय, पण दिवसाउजेडी, परक्या माणसापुढे, तो मला वेगळाच दिसला. टाचेवरची घडी परत खोल झाली होती. तळवा आत वळला होता. शिवूला काय वाटलं कोण जाणे, खोक्याकडे बघून त्यानं दुसराही पाय पुढे केला.

पुंडलिक स्कॅनर पुसत राहिला.

"आरं भाऊ," आत्याबाई म्हणाल्या, "मीच म्हणले व्हते पैसे द्या म्हणून. मला काय ठावं. ते पैसे आम्ही माघारी घेतो. मग झालं ना फुकट? फुकटाला तर नंबर लागत नसंल."

"फुकटाला नाय लागत, मावशी."

"मग दे."

"तुम्ही पैसे माघारी घेतले की माल बी माघारी जातो. इंदूरला. गाडीत टाकावाच लागतो मला." त्यानं खोक्यावरचा पत्ता वाचला. "आधीच फुकट धाडलं असतं तर कधीच तुमच्या दारात टाकून आलो असतो."

आत्याबाईंनी शिवूच्या पायात मोजा चढवायला घेतला. तो वळलेल्या पायात नीट जाईना, तेव्हा मी चढवला. पुंडलिकनं चहा मागवला होता. तो येईपर्यंत आम्ही थांबलो, कारण निघालो तर त्याला वाईट वाटलं असतं. चहा पिताना खोका तिथंच टेबलावर होता. माझा हात दोनदा त्याच्याकडे गेला. मी नुसतं वरचं माझं नाव चाचपलं.

घरी येताना रिक्षात मी ऑर्डर रद्द केली. रद्द करताना त्यांनी कारण विचारलं. पर्याय चारच होते आणि त्यात आमचं कारण नव्हतं. 'विचार बदलला' यावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रेघ उलटी सरकायला लागली. वाळूज, मग धुळे. धुळ्याला ती थांबून राहिली. मी जुना ब्रेस पुन्हा चढवून पाहिला. शिवू ओरडायचा, टाच बाहेर यायची. अजिनाथांनी पट्ट्याला कापूस गुंडाळला, सँडलची पुढची कड ब्लेडनं कापली. एक रात्र टिकलं. नंतर पट्टा तुटला. मग परत ओढणी. आत्याबाई रात्री त्याचा पाय मांडीवर घेऊन बाहेरच्या बाजूला दाबत बसायच्या आणि बसल्या बसल्या त्यांना झोप लागायची.

दवाखान्यानं मागवलेलं माप आलंच नव्हतं. तिथं नेलं तेव्हा डॉक्टरांनी पाय हातात घेतला, वळवून पाहिला. वळेना. त्यांनी रागावायला हवं होतं असं मला वाटत होतं. ते रागावले नाहीत. "पुन्हा प्लास्टर," एवढंच म्हणाले, आणि नर्सला पाणी कोमट करायला सांगितलं. मी ब्रेसचं सांगायला लागले. गोदाम, नंबर, शून्य कर. बोलता बोलता मलाच ते खोटं वाटायला लागलं, एखादीनं हलगर्जीपणा केल्यावर सांगावं तसं. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मांडीपासून बोटांपर्यंत पांढरं प्लास्टर. आता शिवू आधीसारखा लहान नव्हता, त्याला राग कळत होता. प्लास्टरचा पाय तो फरशीवर आपटायचा.

दर आठवड्याला जुनं प्लास्टर काढायला नेण्याआधी ते घरी भिजवून मऊ करायचं असतं. त्यासाठी टबभर पाणी लागायचं. आत्याबाई ते आदल्या दिवसापासून वेगळं काढून ठेवायच्या, धुण्याच्या पाण्यातून, स्वतःच्या आंघोळीच्या पाण्यातून. शिवूला टबात बसवून त्या प्लास्टरवर तांब्यानं पाणी सोडत राहायच्या. पाणी पांढरं होत जायचं. एकदा अशाच पाणी सोडता सोडता, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "पाय माझ्या रुपयामुळंच वळला का गं?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. मग मला ते खरं वाटेना, आणि 'हो' म्हणणं तर त्याहून खोटं होतं. मी म्हणाले, "आत्याबाई, ह्या बाजूनं अजून कडक आहे." त्यांनी त्या बाजूला पाणी सोडलं.

शेफालीचं पार्सल तिसऱ्या प्लास्टरच्या आठवड्यात आलं. ह्या वेळी तिनं स्वतः पोस्टात जाऊन पाठवलं होतं. वर हिंदीत लिहिलं होतं, भेट, वापरलेले, विक्रीसाठी नाही. पोस्टमननं सही घेतली आणि गेला. कुणी काही विचारलं नाही. आत ब्रेस होता. फोटोत दिसायच्या तशाच दातांच्या खुणा, आणि सँडलमध्ये कोंबलेलं एक छोटं लाकडी बदक.

शिवूनं बदक घेतलं. ब्रेस बघून त्यानं सवयीनं डावा पाय पुढे केला. उजवा प्लास्टरमुळे पुढे येईना.

आत्याबाईंनी उजवा सँडल हातात घेतला. प्लास्टरच्या बाहेर शिवूची पाचही बोटं डोकावत होती, त्यांच्या शेजारी त्यांनी सँडल आडवा धरला. टाच कुठं असेल ते प्लास्टरवरून अंदाजानं चाचपलं. अंगठा सँडलच्या कडेला टेकत होता. अजून प्लास्टर निघायचं होतं, अजून किती ते डॉक्टर सांगत नव्हते, आणि लेकरू तर वाढत होतं.

"बसंल का गं?" त्यांनी विचारलं.

मी सँडल त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा मापून पाहिला. आधी टाचेकडून, मग बोटांकडून. आत्याबाई वाट बघत होत्या. त्यांच्या कनवटीला छोटा बटवा असतो, त्यात सुटे पैसे असतात. त्यांचा हात तिकडे गेला नाही. हे फुकट आलंय, शेफालीला काहीतरी पाठव, असंही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी ब्रेस पदरानं पुसला, नव्या वस्तूसारखा कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि टबात उरलेलं पाणी झाडांना घालायला बाहेर नेलं.

मी शिवूच्या बोटांकडे बघत बसले.